उचलणारीची पाठ

आपल्याकडे कुणी आजारी पडलं की सगळा वाडा धावून जातो. कुणी शहाळी घेऊन जातो, कुणी उकड्या तांदळाची पेज. खाटेवरच्या माणसाची विचारपूस होते, आणि निघता निघता त्याच्या बायकोला सांगितलं जातं, "काळजी घे हां तेची!" तिची काळजी कोण घेणार, हा प्रश्न मात्र उंबरठ्यावर कुणाला सुचत नाही. आचऱ्याच्या जानकीला तो प्रश्न वर्षभरात कुणीच विचारला नव्हता.

जानकीचा नवरा धोंडू ट्रॉलरवर तांडेल होता. बोट त्याच्या हुकमाने चालायची, आणि भरलेलं जाळं ओढताना दोघांची ताकद तो एकटा लावायचा. गेल्या वर्षी, शिमगा सरल्यावर, त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, जीभ जड झाली. इस्पितळातून घरी आणला तेव्हा शुद्ध नीट होती, डोळे बोलायचे, पण तोंडातून शब्द फुटायचा तो अर्धाच.

तेव्हापासून त्या धिप्पाड माणसाला खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून न्हाणीत न्यायचं काम जानकीचं. ती पन्नाशी ओलांडलेली, अंगाने काटकुळी. मुलगी दीपिका ठाण्याला नोकरीला. समोरच, एकाच खळ्यापलीकडे, म्हणजे सामाईक अंगणापलीकडे, धोंडूचा थोरला भाऊ राहायचा. त्याला सगळा गाव भाई म्हणायचा. विकास सोसायटीत सचिव म्हणून आयुष्य गेल्यामुळे घरातही त्याचा शब्द शेवटचा. भाई रोज सकाळी येऊन भावाच्या उशाशी बसायचा, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचा. उचलायची वेळ आली की उठून जायचा. ते बायकोचं काम!

एका सकाळी धोंडूला न्हाणीकडे नेताना जानकीचे हात थरथरायला लागले. धोंडू एका कुशीवर कलला. त्याला भिंतीशी दाबून धरत ती कशीबशी उभी राहिली. आज सावरलं, उद्या काय?

दुपारी तिने दीपिकाला फोन लावला. "बाय, माझ्या अंगात ताकदच रवाक नाय गो. ह्यो माणूस माझ्या हातातसून सुटतलो एक दिवस."

दीपिका म्हणाली, "आये, ताकद येता. माझ्या हयल्या बायका घरात व्हिडिओ बघून व्यायाम करतत. तुका तीन जणांचे पाठवतंय. तिघांचेय बघ आणि तुका झेपता तो धर."

संध्याकाळी धोंडूला पेज भरवून झाल्यावर जानकी ते व्हिडिओ बघायला बसली. पहिल्यात एक उघडाबंब, पिळदार अंगाचा तरुण होता. हातात लोखंडी वजनं घेऊन तो ओरडत होता, "दुखतंय? दुखू दे! थांबलात तर हरलात!" दुसऱ्यात पांढऱ्याशुभ्र खोलीत एक सडपातळ मुलगी गाण्याच्या तालावर भराभर वाकत होती, उठत होती, आणि मधूनमधून हसून सांगत होती की कंबर कशी बारीक होईल. तिसऱ्यात पंजाबी ड्रेस घातलेली, केस पिकलेली एक बाई लाकडी खुर्चीशेजारी उभी होती. बराच वेळ ती नुसतं बोलतच होती. कुणी हा व्यायाम करू नये, कुठे दुखलं तर थांबावं, श्वास कधी सोडावा. मग ती खुर्चीत बसली, उठली. पुन्हा बसली, पुन्हा उठली.

जानकीला हसू आलं. "ह्यो काय व्यायाम? बसणा-उठणा तर मी दिवसभर करतंय!"

कंबर बारीक करून तिला काय करायचं होतं? उरला तो ओरडणारा. धोंडूला उचलायचं तर असंच अंग हवं, असं तिला वाटलं. तिने त्यालाच धरला.

घरात जागा नव्हती आणि लाजही वाटत होती. म्हणून परसातल्या मांगरात, म्हणजे अडगळीच्या खोपटात, जिथे धोंडूची जुनी जाळी पडून होती, तिथे ती दुपारी जाऊ लागली. दार लावून घ्यायचं, साडी खोचायची, फोन फळीवर टेकवायचा. लोखंडी वजनं नव्हती म्हणून पिशवीत नारळ भरले. तो सांगेल तसं पिशवी डोक्यावर न्यायची, खाली आणायची, उड्या मारायच्या. पाठीत कळ आली की वाटायचं, थांबावं. तेवढ्यात तो ओरडायचा, "थांबलात तर हरलात!" आणि ती पुन्हा पिशवी उचलायची.

एक दिवस भाईची बायको सावित्री गोवऱ्या न्यायला मांगराकडे आली. आतून पुरुषाचं ओरडणं ऐकून तिने फळ्यांच्या फटीतून डोकावलं. संध्याकाळपर्यंत ही बातमी विहिरीवर पोचली होती. घोव खाटेवर पडलाय आणि जानकी दार लावून उघड्या बाप्याचे व्हिडिओ बघत उड्या मारतेय!

दुसऱ्या दिवशी भाई आला तो खाटेकडे गेलाच नाही. पडवीतच उभा राहिला. जानकीने पदर डोक्यावर घेतला.

"गावात काय बोलतत ता कानार इला तुझ्या?"

"नाय, भाई."

"माझ्या इला. तुझो घोव हयसर असो पडलेलो आणि तुका शरीर कमावचा आसा? कोणाक दाखवक? वयाचो तरी इचार कर!"

जानकीच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. तुमच्याच भावाला उचलण्यासाठी, असं तिला सांगायचं होतं. पण थोरल्या दिरासमोर ती कधी बोललीच नव्हती. ती खाली मान घालून उभी राहिली. आत खाटेवर धोंडूने डावा हात गादीवर आपटला. काहीतरी बोलायला बघत होता. कुणी लक्ष दिलं नाही.

भाई गेल्यावर जानकी मांगरात गेली. राग अंगात मावत नव्हता. त्या रागातच तिने पिशवीत आणखी नारळ घातले आणि एका झटक्यात पिशवी वर उचलली. कमरेत सुरी खुपसल्यासारखं झालं. पिशवी सुटली, नारळ जमिनीवर गडगडले. बऱ्याच वेळाने, भिंतीला धरून, ती बाहेर आली.

कुणाला सांगायचं? सांगितलं असतं तर गाव म्हणाला असता, बरी खोड मोडली. तिने कंबर पदराने घट्ट बांधली आणि कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूला न्हाणीत नेताना व्हायचं तेच झालं. त्याला उठवून तिने दोन पावलं टाकली आणि कमरेत पुन्हा तीच कळ आली. हात आपोआप सुटले. धोंडू कलला, त्याला पकडायला ती वाकली आणि दोघंही कोसळली. धोंडूचं कपाळ न्हाणीच्या दगडी कडेवर आपटलं. भुवईतून रक्त वाहायला लागलं. जानकी त्याच्याखाली अर्धी दाबली गेली होती. तिला हलता येत नव्हतं. त्याचं रक्त तिच्या गालावर ठिबकत होतं.

"वयनी! भाई! धावा गो कोणतरी!"

शेजारची माणसं आली, धोंडूला उचललं, गाडी आणली. जखमेला टाके पडले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डोक्याला आत काही लागलेलं नाही. थोडक्यात वाचला.

खळ्यात माणसं जमली होती. सगळ्यांच्या समोर भाईने हात पुढे केला. "तो फोन हाड हयसर."

जानकीने फोन दिला.

"आज तेचो जीव जायत होतो," भाईचा आवाज कापत होता, रागाने की भीतीने ते त्यालाही कळत नसावं. "तुका झेपणा नाय ता दिसला आमका. घाटावर एक संस्था आसा, थयसर असली माणसा सांभाळतत. चवथीच्या आदी धोंडूक थयसर पोचवतंय मी. ठरला!"

जानकी जमिनीकडे बघत राहिली. तीस वर्षं ज्याच्या बोटीची वाट बघत ती खाडीच्या तोंडाशी उभी राहिली होती, त्याला आता परक्या माणसांच्या हाती द्यायचं. आणि दोष तिचाच ठरला होता.

दीपिकाला हे सावित्रीने केलेल्या फोनवरून कळलं. तिला रजा मिळेना. पण तिने ग्रामीण रुग्णालयात चौकशी करून फिजिओथेरपिस्टला घरी पाठवायची व्यवस्था केली. तेजस्वी नावाची ती तरुण डॉक्टर भर पावसात स्कूटरवरून आली. तिने धोंडूला तपासलं, त्याचा डावा पाय दाबून पाहिला, त्याच्याशी सावकाश बोलली. मग वळून जानकीला म्हणाली, "आता तुम्ही. आडव्या व्हा. तुमची पाठ बघू."

"माझी?" जानकी गोंधळली. "माझा काय नाय. पेशंट ते आसत."

"त्यांना उचलतं कोण?"

जानकी आडवी झाली. तिचे डोळे भरून आले. वर्षभरात पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारलं होतं!

पाठ तपासून झाल्यावर तेजस्वीने काय व्यायाम केला ते विचारलं. जानकीने लाजत सगळं सांगितलं. तेजस्वीने आपल्या फोनवर ते तिन्ही व्हिडिओ शोधून काढले आणि तिला शेजारी बसवलं. भाई दारात येऊन उभा राहिला होता. तिने त्यालाही बसायला सांगितलं. तो बसला नाही.

"हा बघा," ओरडणाऱ्याकडे बोट दाखवत तेजस्वी म्हणाली. "याने सुरुवातीला तुम्हाला काही विचारलं? वय किती, पाठ कशी आहे?"

"नाय."

"थांबायचं केव्हा ते सांगितलं?"

"थांबू नको म्हणता तो."

"हा माणूस वाईट नाही. पण तो पंचविशीतल्या, आधीच तयारीच्या मुलांना शिकवतोय. तुमच्यासारखी बाई त्याच्या डोळ्यांपुढे नाही. ही मुलगी दिसण्यासाठी शिकवते. तीही तिच्या जागी ठीक. आता ही तिसरी बघा."

केस पिकलेली बाई खुर्चीतून उठत होती.

"जानकीकाकू, तुम्ही दिवसभरात काकांना काय करायला लावता?"

"बसवतंय... उठवतंय."

"मग तुम्हाला ताकद कशाची हवी?"

जानकीने पडद्याकडे पाहिलं. ती बाई पाय मागे घेत होती, पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकत होती, मांड्यांच्या जोरावर उठत होती. धोंडूला उठवताना हेच तर लागतं! हिलाच ती हसली होती.

तेव्हा दारातून भाई बोलला. घरात मालवणीत बोलणारा भाई डॉक्टरांसमोर सोसायटीच्या भाषेत आला. "मॅडम, एक विचारतो. याच व्यायामाने ती पडली. बाई माणसाने वजनं उचलायची गरजच काय? घरात काम कमी आहे का?"

तेजस्वीने शांतपणे विचारलं, "काकांचं वजन तुम्हाला माहीत आहे? ते वजन ही बाई रोज कितीदा उचलते, ते तुम्ही इतके दिवस बघता आहात. तेव्हा तुम्ही कधी म्हणालात का, बाई माणसाने वजन उचलू नये?"

भाईची नजर खाटेकडे गेली.

"घरातली कामं माणसाला थकवतात. ताकद वाढवायची तर अंगाला बेताबेताने सवय लावावी लागते, मधे विसावा द्यावा लागतो. ती पडली ती व्यायाम केला म्हणून नाही. चुकीचा केला, लपून केला, आणि दुखलं तेव्हा सांगायला तिला माणूस नव्हतं म्हणून पडली. बोटीवर नव्या माणसाला जाळं ओढायला शिकवता ना तुम्ही लोक? मग माणूस उचलायला का नाही शिकवत?"

भाईने ऐकून घेतलं. पण त्याचा निश्चय हलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "चवथीच्या आधी नेणार म्हणजे नेणार. माझ्या भावाच्या जिवाशी खेळ नको." फोन मात्र त्याने संध्याकाळी सावित्रीच्या हाती परत पाठवला.

मग सुरू झाली ती मुकाट धडपड. पाठ बरी होईपर्यंत तेजस्वीने जानकीला धोंडूला उचलायला सक्त मनाई केली. शेजारचे दोघे आळीपाळीने येऊ लागले. त्यानंतर जानकी खुर्चीशी उभी राहिली. बसायचं, उठायचं. भिंतीला हात टेकून अंग पुढे न्यायचं, मागे आणायचं. पिशवीत सुरुवातीला एकच नारळ. आता ती मांगरात जात नव्हती. पडवीत, धोंडूच्या खाटेसमोर करत होती. धोंडू बघायचा, आणि तिचा श्वास चुकला की डाव्या हाताने गादीवर थाप मारून ठेका द्यायचा. त्यालाही तेजस्वीने काम दिलं होतं. चांगल्या पायाने जमीन दाबायची, नाक पुढे आणायचं.

विहिरीवरचं बोलणं थांबलं नव्हतं. "आता तर उघड्यार सुरू केल्यान," बायका म्हणायच्या. सावित्री येता-जाता खळ्यात रेंगाळायची. हसायला म्हणून थांबायची खरी, पण हळूहळू तिचं हसणं कमी झालं. तिला स्वतःला जमिनीवरून उठताना खांब धरावा लागत होता.

श्रावण संपत आला. घरोघरी गणपतीवर पानाफळांची माटवी बांधायची लगबग सुरू झाली. आणि एका सकाळी खळ्याच्या कडेला जीप येऊन थांबली. भाईने संस्थेशी बोलून ठेवलं होतं. तो दोन माणसांना घेऊन पडवीत आला.

"धोंडू, चल. थयसर तुझी सोय बरी जातली."

धोंडूचा चेहरा पांढरा पडला. त्याने डाव्या हाताने खाटेची पट्टी घट्ट धरली.

जानकी पुढे आली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला, पण मान खाली घातली नाही.

"भाई, वायच थांबा. एकदा बघा. मगे तुमका जा करूचा ता करा."

तिने खुर्ची धोंडूच्या चांगल्या बाजूला ओढून ठेवली. त्याच्या कमरेला तेजस्वीने दिलेला रुंद पट्टा बांधला. त्याची पावलं जमिनीवर नीट टेकवली. लुळ्या गुडघ्याला आपला गुडघा लावला, पाठ सरळ ठेवली, कमरेतून झुकली. खळ्यात पावसाचं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. न्हाणीच्या दगडी कडेवरचा रक्ताचा डाग भाईच्या डोळ्यांपुढून जात नव्हता.

"पुढे येवा," जानकी धोंडूला म्हणाली. "पाय दाबा. आता!"

आणि धोंडू उठला! क्षणभर तो डगमगला. भाई ओरडून पुढे धावला, पण जानकीने डोळ्यांनीच त्याला थांबवलं. दोघांनी मिळून अंग वळवलं, आणि धोंडू सावकाश, अलगद खुर्चीत टेकला. जानकीला धाप लागली होती, पण हात थरथरत नव्हते.

धोंडूने भावाकडे पाहिलं. ओठ वाकडे झाले, मानेच्या शिरा ताणल्या. "माका... खंय... जावचा नाय."

भाई खांबासारखा उभा राहिला. त्याची कबुली कदाचित तेव्हाही आली नसती. वर्षानुवर्षं शेवटचा शब्द त्याचाच होता. पण खळ्यातून सावित्री पुढे आली. जीपभोवती जमलेल्या माणसांसमोर ती आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्याला मोठ्याने बोलली.

"तेंका न्यायची सोय केलात, बरा झाला. आता एक सांगा माका. उद्या तुमच्या अंगावरसून वारो गेलो तर तुमका कोण उचलतलो? मीच ना? मगे माका आजच सांगा, मी शिकू की नको? की लोक हसतले म्हणान तुमका खाली टाकू?"

भाईने सावित्रीकडे पाहिलं. खांब धरून उठणारी, आपल्याच वयाची आपली बायको. त्याच्या मनात काय झालं असेल, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इतके दिवस त्याला फक्त पडलेला भाऊ दिसला होता. त्याच्याखाली दबलेली बाई दिसलीच नव्हती!

तो वळला आणि जीपवाल्याला म्हणाला, "तू जा. आमका खंय जावचा नाय."

मग खुर्चीजवळ येऊन, जानकीकडे न बघताच, हळू आवाजात म्हणाला, "तो पट्टो कसो बांधूचो, माकाव दाखव."

त्या चतुर्थीला धोंडू आपल्याच घरात, गणपतीसमोर खुर्चीत बसला. दीपिका ठाण्याहून आली होती. आता रोज संध्याकाळी भाई पेपर बाजूला ठेवतो आणि भावाला खुर्चीतून खाटेवर घेतो. सुरुवातीला त्याचे पाय चुकायचे. जानकी दुरून सांगायची, "भाई, पाठ सरळ." खळ्यात दोन खुर्च्या मांडलेल्या असतात. एकीवर जानकी, दुसरीवर सावित्री. बसतात, उठतात. विहिरीवरच्या एक-दोघीही आता पायरीवर टेकून बघत असतात, आणि घरी जाऊन करून पाहतात.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी कुणीतरी खाटेवर पडतं, आणि कुणीतरी त्याला उचलतं. उचलणारीने आपल्या अंगाची ताकद राखणं ही चैन नव्हे, आणि त्यात लाजेचं तर काहीच नाही. त्या ताकदीवर दोन जीव उभे असतात. व्यायाम जरूर करा, व्हिडिओ बघूनही करा. पण शिकवणारा दिसतो कसा आणि ओरडतो किती यावरून त्याला निवडू नका. तो तुमची परिस्थिती विचारात घेतो का, आणि कुठे थांबायचं ते सांगतो का, एवढं पाहा. शंका आली तर जाणत्या डॉक्टरला विचारा. आणि घरातल्या पुरुषांनो, आजाऱ्याची विचारपूस करून झाली की लगेच उठून जाऊ नका. त्याला उचलायची वेळ होईपर्यंत थांबा. भाई थांबतो. खळ्याकडे बघून म्हणतो, "जा गो जानकी, तुझा करून ये. मी आसंय हयसर."